हळदीच्या अंगाचा ईसीजी

"ही डाकटरीण मुकी हाय का गो?"

प्रश्न माझ्या पाठीमागून आला. मी पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी बघत होते, त्यामुळे मान वळवता आली नाही. नाडी बघत नसते तरी वळवली नसतीच.

"मुकी नाय वो," आमच्या सिस्टर म्हणाल्या. "हळू बोलतात मॅडम. कान जवळ न्यावा लागतो."

"कोनाचा कान न्यायचा? ह्याच्या तर छातीत दुखतंय!"

खोलीत हशा पिकला. एवढा मोठा, की मी शेवटी वळून पाहिलंच. हसणारी सगळी माणसं पिवळी होती. गालाला बोटभर हळद लागलेली नव्हे, कपाळापासून कोपरापर्यंत पिवळी. बायका एकाच ठाणातल्या पोपटी साड्यांत, पुरुषांच्या बनियनांवर पिवळे पंजे उमटलेले, आणि दारात एक हाडकुळा तरुण, ज्याच्या भुवयासुद्धा दिसत नव्हत्या इतका माखलेला. त्याच्या हातात सुरी होती. सुरीच्या टोकाला लिंबू खोचलेलं.

तो नवरदेव. सरळगावच्या अलीकडच्या एका गावात त्याची हळद चालू होती, आणि त्याचा बाप नाचता नाचता मांडवाच्या खांबाला धरून खाली बसला होता. मग अख्खी हळदच दोन जीपमध्ये बसून मुरबाडला आमच्याकडे आली. मी मुकी आहे का, असं विचारणारी बाई म्हणजे पेशंटची थोरली बहीण, नवऱ्या मुलाची आत्या. सगळे तिला आत्याच म्हणत होते, म्हणून मीही मनात तेच म्हणू लागले.

"मला काय झालेला नाय," खाटेवरचा माणूस म्हणाला. भरघोस मिशा, रुंद छाती, आणि त्या छातीवर हळद आणि तेलाचा थर. घामाचे ओघळ त्या थरातून वाट काढत खाली येत होते. "ग्यास हाय. वडे जास्त झाले."

"चार खाल्लास," आत्या म्हणाली. "चार वड्यांनी कोन मरतो?"

मरतो हा शब्द तोंडातून निसटल्याबरोबर तिने जीभ चावली.

मी आसनगावची. शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळेत मराठी बोललं की ओरडा बसायचा, आणि घरी आल्यावर इंग्रजी बोललं की आळीतली मुलं नकला करायची. मी दोन्ही ठिकाणी गप्प राहायचा सोपा मार्ग काढला. पुढे डॉक्टर झाले तरी तो सुटला नाही. तोंडी परीक्षेला परीक्षक टेबलावर पुढे झुकून बसायचे, एवढाच फरक. पदवी हातात आली, पुढच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास सुरू झाला, आणि तो करता करता मुरबाडच्या या छोट्या हॉस्पिटलात नोकरी लागली. रोज स्कूटीवरून शहापूर, किन्हवली, सरळगाव करत यायचं. पहिल्या आठवड्यातच सिस्टरनी माझं बरोबर ओळखलं आणि एक पद्धत पाडली. मी त्यांच्या कानाशी पुटपुटायचं आणि त्यांनी ते खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगायचं. मी म्हणायचे, "मीठ कमी करायला सांगा." सिस्टर म्हणायच्या, "सुकट बंद! लोनचा बंद! पापडाकडे बघायचा पन नाय!" माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगायच्या त्या.

पण माझं एक गुपित होतं, आणि ते सिस्टरनाही ठाऊक नव्हतं. मी ईसीजीच्या प्रेमात पडले होते.

हसू नका. ज्याला फारसं बोलता येत नाही, त्याला न बोलता सगळं सांगणारी गोष्ट भेटली की असंच होतं. बारा जण बारा जागांवरून एकच वरात बघतायत, असं समजा. कोणी माडीवरून, कोणी आळीच्या तोंडाशी उभा राहून, कोणी अगदी ताशेवाल्याच्या कानाशी. वरातीत कुठे भांडण लागलं, की ज्याच्या जवळ लागलं तो सगळ्यात मोठ्याने ओरडतो. ईसीजीतल्या बारा लीड म्हणजे हे बारा जण. त्यांचं ओरडणं म्हणजे कागदावरची रेघ वर उचलली जाणं. कोण ओरडतंय आणि कोण गप्प आहे ते पाहिलं, की हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्यांपैकी कुठली तुंबली ते बसल्या जागी सांगता येतं. छाती उघडायची नाही, आत तार घालायची नाही. नुसता गुलाबी चौकटींचा कागद!

हृदयाच्या खालच्या अंगाला झटका आला, की दोन नंबर आणि तीन नंबर दोघेही ओरडतात, कारण दोघे खालूनच बघत असतात. पण दोन नंबर जरा डावीकडे सरकून उभा असतो, तीन नंबर उजवीकडे. तीन जास्त ओरडला तर बहुतेक वेळा उजवी नळी बंद असते. दोन जास्त ओरडला, तर डावीची ती फांदी, जी हृदयाला वळसा घालून मागे जाते. हे मला पहिल्यांदा नीट उमगलं, तेव्हा मी जेवणाच्या डब्यापुढे बसून एकटीच हसत होते.

झटका आलेला पेशंट आम्ही कल्याणला पाठवायचो. तिथे तार घालून बघायचे आणि नळी उघडायचे. निकाल आमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे सरांना, फोनवर कळायचा. तो कळायच्या आधी मी माझा अंदाज बांधलेला असायचा. कुणाला सांगितलेला नाही. सांगायचा तो फक्त हेल्मेटच्या आत, सरळगावच्या वळणावर, मोठ्याने. दुसऱ्या दिवशी सर चहा पिता पिता निकाल सांगायचे आणि मी खाली मान घालून बिस्किट बुडवायचे. अंदाज बरोबर आला, की ते बिस्किट हमखास चहात पडायचं. घरी जाताना माहुलीचे सुळके दिसायचे, तेही मला उचललेल्या रेघांसारखे वाटायला लागले होते. एवढं माझं डोकं फिरलेलं होतं.

तर त्या दिवशी सर शहापूरच्या त्यांच्या दवाखान्यात होते. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून मी एकटी.

मी सिस्टरच्या कानात "ईसीजी" म्हटलं. त्यांनी मशीनचं झाकण उघडलं, आणि तेवढ्यात आत्याने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग खाटेवरच्या भावाच्या पायांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हिशेब चालला होता.

"दार पूर्वेला," ती म्हणाली. "म्हंजे ह्याचं पाय दक्षिणेला! हळदीच्या दिवशी माज्या भावाला दक्षिणेला पाय करून निजवलाय! मेलाय का तो?"

"आत्या, दवाखान्यात नसतं तसलं काय," नवरदेव दारातून म्हणाला.

"तू गप रे. हळद लागल्यावर मांडवाच्या भाहेर पाय टाकायचा नसतो, तो टाकलास, आता मला शिकवतोस?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. पाय कुठल्या दिशेला आहेत याने हृदयाला फरक पडत नाही, आणि नाही म्हणायचं तर बोलावं लागलं असतं. मग चौघांनी त्यांना खांद्याला आणि मांड्यांना धरून उचललं, 'हळू रे', 'डोका धर डोका', 'धोतर सांभाळ त्याचा' अशा गजरात फिरवलं आणि उलट्या बाजूला डोकं करून निजवलं. उशी या टोकाची त्या टोकाला गेली. आत्याने समाधानाने पदर खोचला.

सिस्टर कामाला लागल्या. हातापायाला लावायचे चिमटे चार रंगांचे असतात. लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, पायांना हिरवा आणि काळा. छातीवर रबरी फुगे बसवायचे. ते काही केल्या बसेनात. तेलावरून एकेक फुगा सुटायचा आणि टुण्णकन उडायचा. एक तर आत्याच्या कुशीत जाऊन पडला. सिस्टरनी स्पिरिटच्या बोळ्यांनी छाती पुसली, बोळे पिवळे झाले, ट्रे पिवळा झाला, सिस्टरची बाही पिवळी झाली.

"सगळी नको पुसू गो बाय," आत्या म्हणाली. "शकुनाची हाय. थोडी र्‍हाऊ दे."

शेवटी फुगे बसले, मशीन कुरकुरलं, कागद बाहेर आला. त्याच्या कोपऱ्यावर सिस्टरच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला. पेशंटला ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणाऱ्या बाकीच्या गोळ्या आम्ही दिल्या. सिस्टरनी कागदाचा फोटो काढून सरांना पाठवला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

सरांचा आवाज आला. "झटकाच आहे. खालच्या बाजूचा. दोन नंबर तीनपेक्षा वर दिसतेय... एक नंबरही उचललेली वाटतेय. तिथे काहीतरी पिवळं लागलंय."

"हळद हाय, सर," सिस्टर म्हणाल्या.

"हळद?"

"पेशंट हळदीतून आलाय."

"बरं. डावीची मागची फांदी वाटतेय मला. बीपी किती?"

"एकशे दहा."

"दुखणं आहे ना अजून? जिभेखालची गोळी द्या आणि ॲम्ब्युलन्स काढा. मी कल्याणला सांगतो."

सिस्टर गोळी आणायला कपाटाकडे गेल्या. कागद माझ्या हातात राहिला. मी नखाने त्यावरची हळद खरवडली. हळदीखाली एक नंबरची लीड होती.

प्रत्येक ठोक्याच्या आधी रेघेला एक छोटासा उंचवटा असतो. एक नंबरमध्ये तो वर असतो. इथे तो खाली होता. उंचवट्याचा खळगा झालेला. त्याच्या मागून येणारा ठोकाही खाली डोकं वर पाय. फोटोत हे सरांना दिसणं शक्यच नव्हतं. असं दोन वेळा होतं. माणसाचं हृदय जन्मतःच उजवीकडे असेल तर, किंवा हातांचे चिमटे अदलाबदल झाले असतील तर. छातीवरच्या फुग्यांच्या रेघा नेहमीच्या चढत्या क्रमाने होत्या, म्हणजे हृदय जागेवर होतं.

मी पेशंटच्या हातांकडे पाहिलं. लाल चिमटा त्यांच्या डाव्या मनगटावर, घड्याळाच्या शेजारी बसला होता.

सिस्टरचा हात इतकी वर्षं एकाच खाटेवर चालत होता. लाल भिंतीकडच्या हाताला, पिवळा खिडकीकडच्या हाताला. नजर लावायचीही गरज नसायची. आज आत्याने माणूस फिरवला होता, पण भिंत जागच्या जागी राहिली होती.

आणि मग माझ्या डोक्यात जे झालं ते कसं सांगू? हातांचे चिमटे बदलले, की एक नंबर उलटा होतो, आणि दोन नंबर, तीन नंबर आपापल्या जागा बदलतात! ज्याला आम्ही दोन म्हणत होतो तो तीन होता. सगळ्यात मोठ्याने ओरडत होता तो उजवीकडचा. कागद माझ्या हातात होता तसाच, पण डोळ्यांसमोर तो अख्खा फिरला, घाटाच्या वळणावर गाडी फिरावी तसा. खरं सांगायचं तर आधी आनंद झाला. मग छातीवरची पहिली लीड दिसली. तीही थोडी उचललेली होती. आनंदाचं पाणी झालं.

उजवी नळी अगदी सुरुवातीला बंद झाली, की कधी कधी हृदयाचा उजवा कप्पाही लुळा पडतो. असा कप्पा फक्त परत येणाऱ्या रक्ताच्या जोरावर कसाबसा चालतो. जिभेखालची गोळी शिरा सैल करते, परत येणारं रक्त कमी होतं, आणि ज्या गोळीने एरवी माणसाला आराम पडतो तिनेच असा माणूस कोसळतो.

"आ करा," सिस्टर म्हणाल्या. "जीभ वर."

"आ कर रे, आ," आत्या म्हणाली.

मिशांखालचं तोंड उघडलं. जीभ वर झाली. मी बोलायला गेले. शब्द होते माझ्याकडे, सगळे इंग्रजीत, आणि सगळे एकाच वेळी घशाशी आले. मग मी जे केलं ते मी आजवर कुणाच्याही बाबतीत केलेलं नाही. पुढे झाले आणि माझ्या तळहाताने त्या माणसाचं तोंड दाबून धरलं.

सिस्टरच्या चिमटीत गोळी तशीच राहिली.

"अगो!" आत्या ओरडली. "माज्या भावाचा तोंड कशाला दाबतेस?"

नवरदेव सुरी घेऊन दोन पावलं आत आला. तो घाबरून आला होता, मारायला नव्हे, पण लिंबू माझ्या नाकासमोर आलं. तळहाताखाली मिशा हुळहुळत होत्या. पेशंटचे डोळे माझ्याकडे बघत होते आणि मला वाटतं, ते त्या अवस्थेतही हसत होते.

"दिली का गोळी?" फोनमधून सर.

मी सिस्टरना मानेने जवळ बोलावलं. त्यांनी कान आणला. आता मला सिस्टरनाच सांगायचं होतं की चिमटे उलटे लागलेत, आणि ते एवढ्या लोकांत जाहीर करायचं कामही त्यांचंच होतं. मी तीन शब्द पुटपुटले. सिस्टरनी घड्याळाकडे पाहिलं. लाल चिमट्याकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं.

मग खांदे ताठ करून, रोजच्याच आवाजात, "सर! वायरी उलट्या लागल्यात, माज्या हातून! पेशंट फिरवला, मी नाय फिरले! गोळी मॅडमनी अडवलीय!"

त्या बाईंवर माझं तेव्हापासून जे प्रेम बसलं ते बसलंच.

सर मग म्हणाले, "पुन्हा काढा. छातीच्या उजव्या बाजूचीही लीड घ्या. तोवर गोळी नको."

मी हात काढला. तळवा पिवळा झाला होता. चिमटे मीच बदलले. मग छातीवरचा एक फुगा सोडवून उजव्या बरगड्यांवर नेला, तेव्हा आत्या खाटेवर ओणवी झाली.

"अगो बाय, काळीज डावीकडं असतं. शेंबड्या पोरालाही म्हाईत हाय."

"र्‍हाऊ दे ताय," खाटेवरचा माणूस दमलेल्या आवाजात म्हणाला. "शोधू दे तिला. तिकडं आनखी एक निघाला तर बराच हाय."

मला हसू आवरेना. फुगा दोनदा उडाला. तिसऱ्यांदा आत्याने स्वतःच्या पदराने ती जागा खसाखसा पुसली, शकुन बिकुन विसरून, आणि फुगा बसला.

दुसरा कागद आला. एक नंबर सरळ झालेला, त्याची रेघ खाली दबलेली. तीन नंबर दोनच्या कितीतरी वर. आणि छातीच्या उजवीकडची ती एकुलती लीड, ती तर शेजाऱ्याच्या भांडणात हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसासारखी उचललेली. मी कागद सिस्टरना दिला. या वेळी त्यांनी हात धुऊन फोटो काढला.

"बघितलं," सर म्हणाले. "गोळी द्यायची नाही. सलाइन सोडा. बीपी?"

बीपी गोळीशिवायच नव्वदवर आलं होतं. पेशंटचे ओठ पांढरट दिसत होते आणि आता ते विनोद करत नव्हते. सिस्टरनी सलाइन जोरात सोडलं. आम्ही दोघी आणि सगळी पिवळी माणसं त्या बाटलीकडे बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने मी पुन्हा बीपी घेतलं. शंभर. पुन्हा घेतलं. एकशे सहा. पेशंटने डोळे उघडले आणि विचारलं, "सापडला का?"

"काय?" आत्या म्हणाली.

"दुसरा काळीज."

ॲम्ब्युलन्समध्ये सलाइन सांभाळायला सिस्टर जाणार होत्या, कारण मला हॉस्पिटल सोडता येत नव्हतं. घरचा एकच माणूस बसू शकत होता. हळदीचा नवरा वेस ओलांडत नाही, असं आत्या म्हणत राहिली, आणि नवरा सुरी घेऊन आत चढून बसला. "ती सुरी तरी ठेव," सिस्टर म्हणाल्या. "नाय ठेवायची!" आत्या खालून म्हणाली. "गेलाच हाय तर सुरी घेऊन जाऊ दे." ॲम्ब्युलन्सच्या मागच्या काचेतून लिंबू दिसत होतं, वळणापर्यंत.

आणि मग मी एकटी राहिले. आमच्या बाकांवर, पायऱ्यांवर, वजनकाट्याशेजारी, सगळीकडे पिवळी माणसं बसलेली. हळद आता वाळून तडकायला लागली होती. बोललं की गालावरून तिचे पोपडे पडायचे, म्हणूनही असेल, कोणी फारसं बोलत नव्हतं. मघाशी या लोकांनी खोली डोक्यावर घेतली होती. एवढ्या गप्प माणसांत बसायची सवय मला असायला हवी होती, पण मला ते सहन होईना.

मी त्यांना पाणी दिलं. पंखा लावला. एका पोरीच्या फोनवर मांडवातून सारखा कुणाचा तरी फोन येत होता, वाजंत्री थांबवायची का चालू ठेवायची. ती दर वेळी आत्याकडे बघायची आणि आत्या रस्त्याकडे बघायची. शेवटी आत्या माझ्याकडे वळली.

"बाय, खरा सांग. जगंल ना?"

मी तिच्या शेजारी बसले. काय सांगणार होते? की गोळी अडवली म्हणजे नळी उघडली असं होत नाही, वाटेत ठोके बिघडू शकतात, तार आत जाईपर्यंत काहीच खरं नसतं? हे सगळं मला नीट माहीत होतं. त्यातलं एकही वाक्य तिच्यासमोर ठेवण्याजोगं नव्हतं. मी तिचा हात धरला. तिने तो सोडला नाही, पण तिला हात नको होता, उत्तर हवं होतं. मलाही ते हवं होतं. पहिल्यांदाच मला माझा अंदाज बरोबर यायला नको, नुसता माणूस बरा व्हायला हवा होता. मग वाटलं, दोन्ही व्हायला काय हरकत आहे?

दुपार सरत आली आणि माझा फोन वाजला. सर.

"मोठ्याने लाव," आत्या म्हणाली. "आमाला पन ऐकू दे."

मी स्पीकर लावला. सगळे उठून आले. माझ्याभोवती पिवळं रिंगण झालं.

"कल्याणहून आत्ताच फोन आला होता," सर म्हणाले. माझ्याभोवती कोण उभं आहे हे त्यांना कुठून कळणार? "पण थांब. मी नाही सांगणार. पेशंट तू बघितलास, दोन्ही कागद तू बघितलेस. आधी तू सांग. कुठली नळी, आणि कुठे बंद होती?"

मी सवयीने बाजूला पाहिलं. सिस्टर कल्याणला होत्या. बाजूला आत्या होती आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. तिला नळ्यांचं काही कळत नव्हतं, तिला वाटलं डॉक्टर वाईट बातमी लांबवतायत. तिची बोटं गार पडत चालली होती. आणि मला सरांच्या प्रश्नाचं शेवटचं टोक ऐकू आलं. ते टोक हसण्याने उचललेलं होतं. दिवसभर उचललेल्या रेघा बघून झाल्यावर ते काही माझ्या कानातून सुटणार नव्हतं.

मी श्वास घेतला आणि, पायऱ्यांवरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, म्हणाले, "उजवी, सर! निघते तिथंच बंद होती! आणि आता उघडलीय, भाऊ बरे आहेत, नाहीतर तुम्ही असं हसत विचारलं नसतंत!"